कुडपणच्या कोपऱ्यातली अकरा बटणं

बाबा, लिहायला बसण्याआधी मी गॅस दोनदा बघून आले, दाराची कडी एकदा बघितली आणि मग उठून परत बघितली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "कडी काय पळून जातेय गो?" सवय गेलेली नाही. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षांच्या वर झाली. तरी पहिलं वाक्य लिहिताना हात आखडतोय, तुम्ही चष्मा लावून समोर बसणार आणि एकेक ओळ वाचणार असल्यासारखा. गेल्या रविवारी तुमच्या नातीने नेहमीसारखा माळ्यावरून बटणांचा डबा काढला. ती अकरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. त्या दुपारी ती एक वाक्य बोलली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ते वाक्य सांगते, पण मला क्रमाने जाऊ द्या. एकदम मधूनच सुरुवात करणं मला कधी जमलं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

डबा तोच, बिस्किटांचा, चौकोनी पत्र्याचा. आत दोन पिशव्या, एकीत चिंचोके, दुसरीत शर्टाची पांढरी बटणं. आखातातून येताना बाकीच्यांनी टेपरेकॉर्डर आणले, ब्लँकेटं आणली. तुम्हीही आणलंत, पण आईच्या म्हणण्याप्रमाणे तुमचं खरं सामान डोक्यात होतं. तीन वर्षं तुम्ही तिथे कोरियन लोकांच्या साइटवर फिटर होतात आणि त्यांच्यातल्या एका क्रेनवाल्याने तुम्हाला हा खेळ शिकवला. त्याला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची. खेळाचं नाव 'बादुक' एवढंच तुम्ही घेऊन आलात. पहिल्याच दिवशी त्याने काळ्या खड्यांची वाटी पुढे सरकवून खुणेने सांगितलं, ठेव. तुम्ही बेधडक फळीच्या बरोबर मधोमध खडा ठेवलात, कारण महाडकडच्या माणसाला कॅरम ठाऊक, आणि कॅरमचा डाव मधेच मांडतात. तो इतका हसला की आणखी चौघं बघायला आले. त्या खेळात आधी कोपरे धरतात, तिथे दोन बाजूंनी फळीची कड आयतीच भिंत होते, थोडक्या खड्यांत जागा आपली होते. मग कडा, आणि सगळ्यात शेवटी मधलं मैदान. हे तुम्हाला महिनाभराने कळलं. तोवर तुम्ही हट्टाला पेटला होतात. तुम्ही मधेच ठेवत राहिलात आणि सपाटून हरत राहिलात. "वर्षाने त्याचं हसणं थांबलं," एवढंच तुम्ही सांगायचात. जिंकलात का, ते कधी सांगितलं नाहीत.

बिरवाडीच्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत तुम्ही मशीनच्या पेटीची एक प्लायची फळी आणलीत आणि स्टीलची पट्टी लावून हॅक्सॉच्या पात्याने तिच्यावर एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा ओरखडल्यात. बटणं महाडच्या बाजारातल्या तुमच्या टेलरमित्राने दिली. तोही आखातातून परतलेला, त्यामुळे त्याने कशाला हवीत ते विचारलं नाही. चिंचोके आईचे. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला जे सांगितलंत तेच मी तुमच्या नातीला सांगितलं, शब्द न् शब्द. खडा चौकटीत नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायचा. ठेवला की हलवायचा नाही. जेवढी रिकामी जागा आपल्या खड्यांनी वेढली तेवढी आपली घरं. समोरच्याचे खडे चहूबाजूंनी कोंडले, त्यांना श्वासाला जागाच ठेवली नाही, की ते मेले, उचलायचे. पण कोंडलेल्या खड्यांच्या पोटात दोन वेगवेगळ्या रिकाम्या जागा असल्या तर ते मरत नाहीत, कारण आपल्याला एका वेळी एकच खडा ठेवता येतो आणि दोन्ही भोकं एकदम बुजवता येत नाहीत. त्या जागांना तुम्ही डोळे म्हणायचात. "एक डोळा, मेला. दोन डोळे, जगला. बाकी सगळं आपोआप कळतं."

आणि कोपऱ्यांना तुम्ही नावं दिली होती. नकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तुमच्या डाव्या हाताशी महाड, उजव्या हाताशी बिरवाडी, वर डावीकडे नाते आणि वर उजवीकडे, सगळ्यात लांब, कुडपण. कुडपण तुमचं गाव. पोलादपूरला एसटीने उतरून पुढे जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी, आणि वर पोचल्यावर एवढं मोठं सपाट रान आणि आजीची नाचणीची भाकरी. तुम्ही पांढरी बटणं घेऊन खेळायचात आणि तुमचं पहिलं बटण कायम कुडपणला पडायचं. मी विचारलं होतं, तुम्ही स्वतः कोपरा धरता आणि मला मधे ठेवायला का सांगता? तुम्ही म्हणालात, "मी म्हातारा होत आलोय. तुला कशाला कोपरा?" तुम्ही तेव्हा चाळिशीचेही नव्हता.

मी मात्र कोपऱ्यातच जायचे. तिथे मोजता यायचं. सहा घरं माझी, आठ घरं माझी, कोणी आत येऊ शकत नाही. मधे खडा ठेवला की तो चारी बाजूंनी उघडा, कुठूनही कोणीही येईल. तुमची पाळी चालू असताना मी गपचूप चिंचोका तोंडात टाकायचे, आईने भाजलेले असायचे ते. एकदा तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "आपलीच माणसं खातेस? म्हणून हरतेस." आई स्वयंपाक करता करता हसली. पण दुसऱ्या एका दिवशी तुम्ही हसला नाहीत. मी तिन्ही कोपऱ्यांत भिंती बांधून बसले होते आणि मधलं सगळं मैदान तुम्ही एकट्याने घेतलं होतं. तुम्ही फळी उचलून खडे डब्यात ओतलेत. "मांजरपण कोपऱ्यात बसतं. तू मांजर हायस?" मी रडले. तुम्ही शर्ट घालून दुसऱ्या पाळीला निघून गेलात.

तुम्हाला वाटायचं मी भित्री आहे, आणि मी होतेच, पण ती भीती काही आभाळातून पडली नव्हती. तुमच्या रसायनांच्या कारखान्याचा भोंगा झाला की आपल्या घरात आईची पळी हवेत थांबायची. पाळी बदलण्याचा भोंगा लांब आणि एकच. चाचणीचा ठरलेल्या दिवशी. याच्यापेक्षा वेगळा वाजला तर वायू सुटला, दारं-खिडक्या लावून ओलं फडकं नाकाशी धरायचं, हे बिरवाडीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी यायचं. तो कधी तसा वाजला नाही. पण आई दर वेळी थांबायची आणि मी तिच्याकडे बघत थांबायचे, आणि तुम्ही घरी येऊन पायातले बूट काढेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी उगीचच भाजीबद्दल बोलायचो.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि पुण्याला डिप्लोमाच्या यादीत नाव लागलं. मंगळवारपर्यंत जाऊन प्रवेश घ्यायचा होता. आई म्हणाली, "एवढीशी पोर एकटी पुण्यात? नाय जमायचं. महाडला कॉलेज हाय ना." शनिवारी मी तुमचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी आले. तुम्ही हात पुसत बाहेर आलात, हाताला ग्रीसचा वास होता, आणि मी डबा द्यायच्या आधीच रडायला लागले. रखवालदार दुसरीकडे बघत राहिला. तुम्ही म्हणालात, "उद्या डाव मांडू. पहिला खडा मधे ठेवायचा, आणि मला हरवायचं. हरवलंस तर मंगळवारी मी सोता तुला घेऊन जातो. आईचं मी बघतो."

"आणि हरले तर?"

"मधे खडा ठेवायला जी घाबरते ती पुण्यात काय करनार? मग महाड बरं."

सात वर्षांत मी तुम्हाला एकदाही हरवलेलं नव्हतं. त्या रात्री मी काय झोपले असेन ते तुम्हाला सांगायला नको.

रविवारी जेवणं झाल्यावर आपण फळी मांडली. आई भांडी घासता घासता येऊन बघून जात होती. मी चिंचोका मधोमध ठेवला, तुम्ही बटण कुडपणला. पहिला तासभर मला वाटत होतं, हा मधला चिंचोका फुकट गेला, एकटाच पडलाय. मग नाते कोपऱ्याकडून तुमची बटणं खाली यायला लागली, मी त्यांना अडवत गेले, ती वळली, आणि वळून वळून जिथे आली तिथे तो चिंचोका आधीपासून बसलेला होता. तुमच्या बटणांना पुढे वाट नव्हती. तुम्ही मान हलवलीत आणि "हं" म्हणालात. ते "हं" माझ्या कानात अजून आहे. त्यानंतर मला पहिल्यांदा कळलं की मधे ठेवलेला खडा तेव्हाच्या तेव्हा काही देत नाही, तो फक्त तिथे असतो, आणि आपल्याला तोवर धीर धरावा लागतो. मी तुम्हाला कुडपणच्या कोपऱ्यात कोंडलं. अकरा बटणं, बाहेरून पूर्ण वेढलेली. तुम्ही पुढे वाकून बघत होतात. चष्मा खिडकीत, दाढीच्या आरशाशेजारी राहिला होता.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"झालं," मी म्हणाले.

तुम्ही कुडपणवर बोट फिरवलंत, "हे मेलं," म्हणालात आणि अकराच्या अकरा बटणं उचलून माझ्या बाजूला ठेवलीत. मोजणी झाली. मी नऊ घरांनी जिंकले. तुम्ही उठून आईला म्हणालात, "पोरीची बॅग भर." मंगळवारी वरंध घाटातून एसटीने आपण पुण्याला गेलो, आणि सबंध वाटभर तुम्ही मला रस्त्यातल्या गावांची नावं सांगत राहिलात, परत येताना मला एकटीला कळावीत म्हणून.

पुण्यात पहिल्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीने मला तिच्या काकांकडे नेलं. तिथे दर रविवारी चार-पाच माणसं जमून आपला खेळ खेळायची. ते त्याला 'गो' म्हणत. मला हसूच आलं, आपल्याकडे ती पोरींना मारायची हाक. मी पहिला खडा मधे ठेवला तेव्हा तेही तुमच्या क्रेनवाल्यासारखेच हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, अशी सुरुवात मुद्दाम करणारे मोठे खेळाडूही आहेत, पण ती पेलावी लागते. पुढचा डाव मी कोपऱ्यातून मांडला. त्या रात्री शेजाऱ्यांच्या फोनवरून तुम्ही विचारलंत, "पयला खडा कुठं ठेवलास?" आणि मी म्हणाले, मधे. पुढे एकदा मी काकांना आपला तो रविवारचा डाव आठवणीने मांडून दाखवला. त्यांनी कुडपणवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणी उचलायला सांगितलं? हे तर जिवंत आहे." आणि त्यांनी दाखवलं. एक डोळा सरळ दिसत होता. दुसऱ्याच्या जागी माझा एक चिंचोका बसला होता, म्हणून वरवर बघणाऱ्याला तिथे डोळा दिसत नव्हता. पण तो चिंचोकाच आत अडकलेला होता. तुम्हाला हवा तेव्हा तो उचलता आला असता, आणि उचलला की तिथे दुसरा डोळा. अकरा बटणं जगली असती आणि मी डाव हरले असते. मी त्यांना म्हणाले, आम्हाला कळलंच नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि महाडला नेईपर्यंत सगळं संपलं. मी त्याच घाटातून आले आणि खिडकीतून गावांची नावं म्हणत आले, दुसरं काही सुचत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर आईने डबा माझ्यापुढे ठेवला. "तुझा हाय. घेऊन जा." बटणांच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता, कारखान्याच्या पाळीच्या नोंदीचा, पाठकोरा. त्यावर तुम्ही बॉलपेनने कुडपणचा कोपरा काढला होता. गोल म्हणजे बटणं, अकरा. फुल्या म्हणजे चिंचोके. आणि आत अडकलेल्या त्या एका फुलीभोवती तुम्ही इतकं गिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. बाबा, तुम्ही फिटर. वाण्याच्या यादीवरसुद्धा उजव्या कोपऱ्यात तारीख आणि पाळी लिहिणारे तुम्ही. या कागदावर तारीख नाही. मी उजेडात धरून बघितला, भिंग लावून बघितला. आईला विचारलं, हा कधी काढला? ती म्हणाली, "मला काय ठावं? ते कायतरी काढतच बसायचं." त्याच दिवशी काढलात? की वर्षभराने, एकटे बसून, डाव आठवता आठवता एकदम दिसलं? वीस वर्षं मी हा कागद काढते, बघते, घडी घालून ठेवते.

आता गेल्या रविवारचं. तुमच्या नातीला मी सहा महिन्यांपासून शिकवतेय. ती पोर कुठेही खडा ठेवते, कधी मधे, कधी कडेला, एकदा तर म्हणाली, आज मी कुडपणच्या वरच्या रेघेवरून सुरू करते, बघू काय होतं. तिला भीती कशाची ते ठाऊकच नाही. त्या दिवशी डाव संपत आला आणि मला एक वेडं सुचलं. माझी सात-आठ बटणं कोपऱ्यात वेढलेली होती, दोन डोळे होते, एकात तिचा चिंचोका अडकलेला. मला बघायचं होतं, जिवंत बटणं उचलताना माणसाचा चेहरा काय होतो, समोरच्याला कळतं का. मी बोट फिरवून म्हणाले, "हे मेलं." आणि पहिलं बटण उचललं.

ती लगेच म्हणाली, "आई, ते परत ठेव. ते जिवंत आहे."

"अगं, पण मग तू हरतेस."

"मग हरते. ठेव ना."

तिने माझ्या हातातून बटण काढून घेतलं, जिथलं होतं तिथे बसवलं, आणि हरलेली घरं मोजायला लागली. जिवाला काही लागलं नव्हतं तिच्या. मी उठून आत गेले आणि उगीच गॅस बघितला.

बाबा, वर मी लिहिलंय की ती बटणं जिवंत असल्याचं मला पुण्याच्या काकांनी दाखवलं. ते खोटं आहे. सांगताना ते मी इतक्या वेळा तसंच सांगितलंय की लिहितानाही तसंच आलं. मला ते त्याच दुपारी दिसलं होतं. तुमचं बोट कुडपणवर पोचायच्या आधी दिसलं होतं. खिडकीतला चष्माही दिसत होता, हात लांब केला असता तर पोचला असता. मला पुण्याला जायचं होतं. तुम्ही चष्म्याविना चुकला असाल तर मी तुम्हाला फसवून गेले, आणि नंतर कधीतरी तो कागद काढताना तुम्हाला ते कळलं आणि फोनवर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. आणि तुम्हाला सगळं दिसत असताना तुम्ही तुमचं गाव फळीवरून उचलून मला दिलं असेल, तर तुम्हाला दिसलंच नाही असा नसता संशय मी वीस वर्षं घेत बसलेय. दोन्हींत कुठलं मला सोसेल ते ठरत नाही. एकदा वाटतं हे, चहा होईपर्यंत वाटतं ते. काकांना दाखवलं ते तरी कशाला? कोणीतरी म्हणावं, की नाही, ती मेलेलीच होती. म्हणून.

हे पत्र त्या कागदात घालून डब्यात ठेवतेय. लेकीला सांगून ठेवलंय, बटणांच्या पिशवीतले कागद काढायचे नाहीत. ती काढणार हे मला माहीत आहे.

एक राहिलं. त्या दुपारी "हे मेलं" म्हणालात आणि लगेच उचललीत असं मी लिहिलं, तेही तसं नाही. बोट बटणांवर ठेवून तुम्ही माझ्याकडे बघत थांबला होतात. बराच वेळ थांबला होतात. मी मान खाली घालून हातातले उरलेले चिंचोके मोजत होते. तीनच होते.